साहित्य आणि कृती : बालवाचनातील केकविषयी एक विवेचन

१

बोलाच्या कढीभाताने पोट भरत नाही, हा मराठी भाषकांचा जुना अनुभव आहे आणि तो त्यांनी म्हणीत बांधून ठेवला आहे. व्यवहारात या म्हणीचे सत्य कोणी नाकारणार नाही. बालवाचकाच्या बाबतीत मात्र ती पुरती लागू पडत नाही. गोष्टीतल्या पदार्थाचे नाव वाचून मूल ज्या तृप्तीने पान उलटते, ती तृप्ती केवळ कल्पिलेली असते असे म्हणणे कठीण आहे. पुढे तेच मूल मोठे होते, संसाराला लागते, आणि एखाद्या दिवशी पुस्तकातला तो केक किंवा ते मिष्टान्न प्रत्यक्ष करून पाहण्यास प्रवृत्त होते. बोलाच्या कढीची खरी कढी करण्याचा हा उद्योग इंग्रजी वाचकवर्गात आता चांगलाच रूढ झाला असून त्याचे स्वतंत्र वाङ्मयही निर्माण झाले आहे.

या वाङ्मयाचे स्थूलमानाने तीन प्रकार करता येतात. पहिला ऐतिहासिक प्रकार. लॉरा इंगल्स वाइल्डर यांच्या कादंबऱ्यांतील वसाहतकालीन अन्नाचा शोध घेणारे बार्बरा वॉकर यांचे ‘द लिटल हाउस कुकबुक’ (१९७९) हे याचे ठळक उदाहरण होय. दुसरा कौटुंबिक प्रकार. ‘ॲन ऑफ ग्रीन गेबल्स’च्या लेखिकेची नात केट मॅक्डोनल्ड यांनी १९८५ मध्ये सिद्ध केलेले पाकपुस्तक या प्रकारात मोडते. तिसरा विनोदी प्रकार, आणि त्यात रोआल्ड डाल यांच्या कथांतील पदार्थांवर आधारलेले ‘रिव्होल्टिंग रेसिपीज’ (१९९४) येते. पहिल्यात काळाशी इमान आहे, दुसऱ्यात घराण्याशी, तिसऱ्यात गमतीशी. वाङ्मयकृतीशी इमान म्हणजे काय, हा प्रश्न मात्र तिन्ही प्रकारांत बहुधा गृहीतच धरलेला दिसतो.

समीक्षकांनी या उद्योगाकडे पाहिलेच तर छंद म्हणून पाहिले आहे. बालवाङ्मयच जेथे गंभीर विवेचनाच्या उंबरठ्याबाहेर बसविले जाते, तेथे त्यातल्या केकची काय कथा! परंतु पुस्तकातला पदार्थ करू पाहणारी व्यक्ती वस्तुतः संहितेचा अर्थ लावीत असते. काय घ्यावे, काय वगळावे, कशाशी एकनिष्ठ राहावे, हे निर्णय तिला पदोपदी करावे लागतात, आणि हेच निर्णय भाष्यकाराला व भाषांतरकारालाही करावे लागतात. म्हणून त्या उद्योगाची परीक्षाही भाष्य म्हणूनच केली पाहिजे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

२

या प्रश्नाचा विचार मराठीत करताना भाषाच एक सोय करून देते. मराठी पाकपुस्तकात प्रत्येक पदार्थाखाली दोन उपशीर्षके असतात : ‘साहित्य’ आणि ‘कृती’. हेच दोन शब्द जोडले की ‘साहित्यकृती’ होते. हा केवळ शब्दश्लेष नव्हे. ‘सहित’ असण्याचा, म्हणजे एकत्र येण्याचा भाव दोन्ही ठिकाणी आहे. स्वयंपाकघरात द्रव्ये एकत्र येतात, वाङ्मयात शब्द आणि अर्थ. फरक असा की पाकपुस्तकात साहित्य आणि कृती ही दोन स्वतंत्र कलमे राहतात, साहित्यकृतीत मात्र ती वेगळी काढता येत नाहीत. कादंबरीतल्या केकचे साहित्य वेगळे लिहून काढले की त्या केकचा कादंबरीशी असलेला संबंध तेथेच तुटू लागतो.

दुसरा भेद व्याकरणाचा आहे आणि तो अधिक महत्त्वाचा आहे. कथेची भाषा प्रायः भूतकाळाची असते : अमुक मुलीने अमुक दिवशी केक केला. तो एकच केक, एकाच दिवशी, एकाच घरात झाला. पाकक्रियेची रूढ मराठी भाषा विध्यर्थाची आहे : मैदा चाळून घ्यावा, लोणी फेटावे, मंद आचेवर भाजावे. येथे कर्ता नाही, दिवस नाही, घर नाही. कोणीही, केव्हाही, कितीही वेळा करावे, हीच या क्रियापदांची प्रतिज्ञा असते. पुस्तकातला केक करणे म्हणजे भूतकाळाचे विध्यर्थात रूपांतर करणे. जे एकदाच घडले, ते पुनःपुन्हा घडण्याजोगे करणे. या रूपांतरात काय टिकते आणि काय गळते, हे पाहणे म्हणजेच त्या वाक्याचा अर्थ तपासणे.

पोलिश तत्त्वज्ञ रोमान इन्गार्डेन यांनी १९३१ च्या आपल्या ग्रंथात साहित्यकृतीतील अनिर्धारित स्थानांची मीमांसा केली. लेखकाने जे सांगितलेले नसते, ते वाचक आपल्या कल्पनेने भरीत असतो. एरवी ही भर नकळत पडते. वाचकाला नायिकेच्या घराच्या खिडक्या मोजाव्या लागत नाहीत. केक करणाऱ्याला मात्र अंडी मोजावी लागतात. आच किती, वेळ किती, साचा केवढा, यांपैकी कथेत एकही गोष्ट नसते आणि ओव्हनपुढे प्रत्येक ठरवावी लागते. वाचनात जे धूसर राहू शकते, ते पाकक्रियेत धूसर ठेवण्याची मुभा नसते. या अर्थाने ते एक सक्तीचे, पण म्हणूनच अत्यंत सावध असे वाचन होय.

मार्सेल प्रूस्त यांच्या १९१३ च्या कादंबरीतील चहात बुडविलेल्या मादलेनचा दाखला येथे कोणी देईल, पण ती दिशा उलट आहे. तेथे चव आधी आली आणि तिच्यातून स्मृती व ग्रंथ उगवला. येथे ग्रंथ आधी आहे, चव मागाहून यावयाची आहे. बालपणी न चाखलेल्या वस्तूची आठवण वाचकाजवळ आहे, आणि त्या आठवणीला तो पदार्थ मिळवून देऊ पाहत आहे. ‘पदार्थ’ या शब्दाची फोडही येथे बोलकी आहे. पदाचा जो अर्थ, तो पदार्थ. मुलाला पद मिळाले होते, मोठेपणी त्याला पदार्थ हवा आहे.

३

लुईस कॅरल यांच्या १८६५ मधील ‘ॲलिस’च्या पहिल्याच प्रकरणात एक बाटली आणि एक केक येतो. केक अगदी लहान, काचेच्या पेटीत ठेवलेला, आणि त्यावर बारीक काळ्या मनुकांनी ‘मला खा’ अशा अर्थाची अक्षरे सुबकपणे मांडलेली. केकची चव कशी होती, हे कॅरल सांगत नाहीत. त्याचे सारे वैशिष्ट्य त्याच्यावरील लेखनात आहे. कथेतील इतर पदार्थांविषयी निवेदक बोलतो, येथे पदार्थ स्वतःच बोलतो, आणि तोही आज्ञार्थात.

करणाऱ्याच्या दृष्टीने हा केक सर्वांत सोपा वाटतो, कारण संहितेने ज्याचा आग्रह धरला आहे ते लेखन हुबेहूब उतरविता येते. इंग्रजीतील ती पाचही मोठी अक्षरे केवळ सरळ रेषांची आहेत. त्यांत एकही वक्र नाही. मनुकांच्या ओळी मांडून ती सहज साधतात. देवनागरीत तेच लिहू गेल्यास ‘ख’ची वळणे, ‘ल’चा फास आणि वरची शिरोरेषा अगदी लहान केकवर कशी बसवावी, हा प्रश्न उभा राहतो. लिपी बदलली की केकचा आकारही बदलावा लागतो. लेखन ही पदार्थाची निव्वळ सजावट नसून घडण आहे, ही गोष्ट वाचताना निसटते, मनुका हातात घेतल्यावर निसटत नाही.

व्याकरणाची एक बारीक गंमतही येथे नोंदविण्याजोगी आहे. इंग्रजी आज्ञार्थात एकवचन-बहुवचनाचा वा आदर-अनादराचा भेद रूपात दिसत नाही. मराठीत तो दिसतो, म्हणून भाषांतरकाराला केकने ॲलिसला ‘तू’ म्हणावे की ‘तुम्ही’, हे ठरवावे लागेल असे वाटते. परंतु ‘खाणे’ या धातूचे आज्ञार्थी रूप दोन्हीकडे ‘खा’ असेच होत असल्यामुळे केकपुरता हा पेच आपोआप सुटतो. बाटलीच्या बाबतीत तो सुटत नाही. ‘पिणे’चे एकवचन ‘पी’ आणि बहुवचन ‘प्या’. म्हणजे मराठीत केक सलगीने बोलतो की आदराने हे संदिग्ध ठेवता येते, पण बाटलीला आपली पायरी निश्चित करावीच लागते.

त्या बाटलीतील द्रवाची चव मात्र कॅरल तपशिलाने देतात. चेरीचे टार्ट, कस्टर्ड, अननस, भाजलेला टर्की पक्षी, टॉफी आणि लोणी लावलेला गरम टोस्ट या सहांची ती मिश्र चव आहे. भारतीय वाचकाला येथे रसचर्चेची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रसनिष्पत्तीसाठी स्वयंपाकाचाच दृष्टान्त घेतला आणि उत्तरकालीन आलंकारिकांनी पानकरसाचा. पानकाची चव गूळ, मिरी इत्यादी घटकांपैकी कोणाचीच नसते. ती त्या सर्वांहून निराळी, एकजीव अशी असते. कॅरल यांनी नेमके याच्या उलट केले आहे. त्यांच्या पानकात घटक एकजीव होत नाहीत, सहाच्या सहा वेगळे ओळखू येतात. म्हणूनच ते हास्यास्पद आणि अद्भुत आहे, आणि म्हणूनच ते करता येत नाही. प्रत्यक्षात ही सहा द्रव्ये एकत्र केल्यास सातवीच कुठली तरी, बहुधा न पिववणारी चव निर्माण होईल. गणनेची भाषा जे वेगळे ठेवू शकते, ते पातेले वेगळे ठेवू शकत नाही.

केक खाल्ल्यावर काय होते? ॲलिस थोडासा खाते, डोक्यावर हात ठेवून आपण वाढतो की लहान होतो हे पाहते, आणि आहे तेवढीच राहिल्याचे पाहून तिला नवल वाटते. केक खाल्ल्यावर साधारणतः असेच होते, अशी निवेदकाची मल्लिनाथी तेथे आहे. उरलेला केक संपविल्यावर, पुढच्या प्रकरणात, ती उंचच उंच वाढू लागते. म्हणजे घरी हा केक करणाऱ्या वाचकाचा अनुभव, खाऊनही आहे तेवढेच राहण्याचा, संहितेत आधीच नोंदलेला आहे. फरक इतकाच की ॲलिसच्या बाबतीत तो क्षणभराचा आहे, वाचकाच्या बाबतीत अखेरचा. लौकिक केक अलौकिक केकपासून नेमका कोठे वेगळा होतो, ती जागा या प्रकरणान्ती बोट ठेवून दाखविता येते.

४

ॲलिसच्या केकवरील लेखन खरे होते. त्याने सांगितले तसे घडले. लूसी मॉड माँटगोमेरी यांच्या १९०८ च्या ‘ॲन ऑफ ग्रीन गेबल्स’मध्ये पदार्थावरील नव्हे, तर पदार्थात पडणाऱ्या द्रव्याच्या बाटलीवरील लेखन खोटे निघते, आणि त्यातून बालवाङ्मयातला एक संस्मरणीय केक जन्माला येतो.

प्रसंग असा. कॅनडातील प्रिन्स एडवर्ड बेटावरच्या ॲव्हनली गावात नवे धर्मोपदेशक आणि त्यांची तरुण पत्नी मिसेस ॲलन आलेली आहेत. ग्रीन गेबल्सच्या घरी त्यांना चहाचे निमंत्रण आहे, आणि अनाथालयातून आलेल्या ॲनला त्या दिवसाचा लेयर केक करण्याची परवानगी मिळाली आहे. ती धास्तावलेली आहे. डोक्याच्या जागी केक असलेला एक भयंकर प्राणी पाठलाग करतो, असे स्वप्नही तिला पडून गेले आहे. केक फुगणार नाही ही तिची भीती. बाजारातल्या बेकिंग पावडरीचा आजकाल भरवसा नाही, भेसळ फार झाली आहे, हे शेजारणीचे मत तिच्या डोक्यात घोळत असते.

ही भीती अस्थानी नाही. लेयर केकचे थर उथळ साच्यांत वेगवेगळे भाजून मग एकावर एक बसवितात. ते हलके व एकसारखे फुगले नाहीत तर केक उभाच राहत नाही. हे फुगणे बेकिंग पावडर ओली व गरम झाली की सुटणाऱ्या कर्बद्विप्राणिल वायूवर अवलंबून असते. तापमापक नसलेल्या चुलाण्यावर हा साराच जुगार असे. परंतु ॲनचा केक उत्तम फुगतो. लाल जेलीच्या थरांनी तो सजतो. पाहुण्यांपुढे येतो. मिसेस ॲलन पहिला घास घेतात आणि त्यांचा चेहरा विचित्र होतो. तरीही त्या सभ्यपणे खात राहतात. मरिला चव घेते आणि स्वादासाठी काय घातलेस म्हणून विचारते. फक्त व्हॅनिला, असे ॲन सांगते, आणि दोष बेकिंग पावडरीवर ढकलते. बाटली आणवली जाते. वर उत्तम व्हॅनिलाची चिठ्ठी, आत अंगाला चोळावयाचे वेदनाशामक औषध. औषधाची बाटली फुटल्यामुळे मरिलानेच उरलेले औषध व्हॅनिलाच्या रिकाम्या बाटलीत ओतून ठेवले होते, आणि ॲनला पडसे झाल्यामुळे वास आला नव्हता.

भाषाभ्यासकाला हा प्रसंग म्हणजे पद आणि अर्थ यांच्या फारकतीचा जणू प्रयोगच वाटेल. पद तेच राहिले, अर्थ बदलला. ज्या घ्राणेंद्रियाने ही तफावत पकडायची, ते बंद होते. ॲनने केवळ पदावर विश्वास ठेवला. वाचकही अक्षरशः तेच करीत असतो. कागदाला वास नसतो. प्रथम वाचनात, मिसेस ॲलन यांचा चेहरा बदलेपर्यंत, वाचकाच्या जिभेवर व्हॅनिलाच असतो. म्हणजे या प्रकरणात केक एक नसून दोन आहेत. एक ॲनच्या मनातला, चिठ्ठीवरचा, व्हॅनिलाचा. दुसरा ताटलीतला, औषधाचा. पहिल्या वाचनात वाचक पहिला केक खात जातो आणि अर्ध्यावर दुसरा त्याच्या तोंडात येतो. पुनर्वाचनात तो दुसरा जाणून असतो आणि ॲनच्या आनंदाकडे काळजीने पाहतो.

आता हा केक करू पाहणाऱ्याने काय करावे? मॅक्डोनल्ड यांच्या पाकपुस्तकात या केकची कृती आहे. तीत औषध अर्थातच नाही, व्हॅनिला आहे. हे शहाणपणाचे आहे, परंतु जो केक त्यातून तयार होतो, तो कादंबरीत प्रत्यक्षात कोणीच खाल्लेला नाही. तो ॲनला करावयाचा होता तो केक आहे, प्रथम वाचनाच्या पूर्वार्धातला केक आहे. ज्या गोष्टीमुळे हा केक लक्षात राहिला, तीच त्यातून वगळावी लागते. उलट एखाद्या चतुर गृहिणीने गंमत म्हणून त्यात ओव्याचा अर्क घातला, तर चव बिघडेल, पण प्रसंग साधणार नाही. कारण ठरवून केलेली चूक ही चूक राहत नाही. चुकीला भूतकाळ असतो, विध्यर्थ नसतो. ‘चुकून घालावे’ असे कलम कोणत्याही पाकपुस्तकात लिहिता येत नाही. दुसऱ्या विभागात भूतकाळ आणि विध्यर्थ यांत जे अंतर सांगितले, त्याचे याहून स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण आहे.

प्रसंगाचा शेवटही ध्यानात घेण्यासारखा आहे. ॲन माडीवर जाऊन रडत पडते. कोणीतरी वर आले ते मरिलाच असे समजून बोलत सुटते, आणि पाहते तो समोर मिसेस ॲलन. त्या तिची समजूत काढतात, तिच्या बागेतली फुले पाहू म्हणतात, आणि त्या दिवशी या दोघींत जो जिव्हाळा जडतो तो अखेरपर्यंत टिकतो. चांगला झालेला केक पाहुणचार ठरला असता. बिघडलेल्या केकने नाते दिले. म्हणून या केकशी एकनिष्ठ राहावयाचे असेल तर ती निष्ठा व्हॅनिलाच्या थेंबांत शोधण्यापेक्षा केक कोणासाठी केला आणि तो बिघडला असता खाणाऱ्याने काय केले, यांत शोधली पाहिजे. फसलेला पहिलावहिला केक निमूटपणे खाणारा घरचा माणूस, आपल्या नकळत, या प्रकरणाच्या अधिक जवळ असतो.

५

तिसरे उदाहरण थोडक्यात आटोपता येईल, कारण त्यातला प्रश्न एकाच गोष्टीचा, म्हणजे मापाचा आहे. रोआल्ड डाल यांच्या ‘मटिल्डा’ (१९८८) या कादंबरीत मुख्याध्यापिका ट्रंचबुल हिच्या केकचा तुकडा चोरल्याच्या आरोपावरून ब्रूस बॉगट्रॉटर या मुलाला सर्व शाळेसमोर अख्खा चॉकलेट केक खाण्याची शिक्षा होते. केकचा व्यास १८ इंच आहे. शिक्षेचा हेतू त्याला वाकविण्याचा. परंतु मुले त्याला प्रोत्साहन देऊ लागतात, तो सारा केक फस्त करतो, आणि शिक्षेचा विजय होतो.

येथे चव गौण आहे. गोड वस्तू अतिरेकाने जाच होते आणि सामूहिक पाठिंब्याने पुन्हा विजयचिन्ह होते, हा अर्थ सर्वस्वी आकारावर उभा आहे. घरगुती साचा ९ इंचांचा धरला आणि उंची तेवढीच ठेवली, तरी १८ इंचांच्या केकचे आकारमान त्याच्या दुप्पट नव्हे, चौपट भरते. बहुतेक घरांतील ओव्हनमध्ये तो मावणारही नाही. छोट्या केकवर तेच चॉकलेट लावले तर तो खाऊ होईल, शिक्षा होणार नाही. अर्थात विजयही होणार नाही. पाकक्रियेत प्रमाण कमी केले तरी पदार्थ तोच राहतो, हा स्वयंपाकघरातला नियम वाङ्मयाला लागू नाही.

६

मराठी वाचकाची स्थिती या संदर्भात विशेष विचारार्ह आहे. केक हा शब्द आता मराठीत पुल्लिंगी नाम म्हणून स्थिरावला आहे. पोर्तुगीजांकडून आलेला ‘पाव’ तर त्याच्याही आधीचा. परंतु टार्ट, कस्टर्ड, लेयर केक यांची नावे मराठी मुलाला बहुधा वस्तूच्या आधी भेटली. जेथे घरात ओव्हन नव्हता तेथे वाळू तापवून, किंवा भांड्याच्या झाकणावर निखारे ठेवून केक साधला जाई. ‘बेक’ करण्याला वेगळे क्रियापदही मराठीने घडविले नाही. भाकरी, वांगे, शेंगदाणे, मडके आणि वीट या सर्वांसाठी असलेले ‘भाजणे’ तिने केकलाही दिले, किंवा नुसते ‘करणे’ वापरून प्रश्न मिटविला.

यावरून असा निष्कर्ष काढला जातो की परकीय पदार्थांची नावे मराठी मुलाला पोकळ वाटतात, म्हणून भाषांतरात त्यांच्या जागी देशी पदार्थ घालावेत. हा निष्कर्ष दोन कारणांनी तपासून घेतला पाहिजे. पहिले असे की वस्तूविना नाव ही केवळ मराठी मुलाची अडचण नाही. सी. एस. लुईस यांच्या नार्नियाच्या पहिल्या कादंबरीत एडमंड ज्या टर्किश डिलाइटच्या मोहाने भावंडांशी द्रोह करतो, ती मिठाई वाचणाऱ्या ब्रिटिश मुलांच्या घरी १९५० मध्ये मिठाई शिधापत्रिकेवर मिळत होती. ते नियंत्रण १९५३ च्या फेब्रुवारीत उठले. मोठेपणी ती पिष्ट-साखरेची गुलाबी वडी प्रथम चाखून निराश झालेले इंग्रजी वाचक काही थोडे नाहीत. म्हणजे त्यांनीही बालपणी नावच खाल्ले होते, आणि ते वस्तूपेक्षा गोड होते. या बाबतीत मराठी मूल उपेक्षित नसून समपंक्तीला बसलेले आहे.

दुसरे कारण रचनेचे. ॲनच्या केकऐवजी शिरा घातला आणि व्हॅनिलाऐवजी वेलची, तर प्रसंगच कोसळतो. वेलचीची पूड आणि चोळावयाचे औषध यांची अदलाबदल होऊ शकत नाही. द्रव स्वाद, बाटली आणि वरची चिठ्ठी, ही तीन अंगे टिकली पाहिजेत. गुलाबपाणी किंवा केवड्याचा अर्क घेतला तर ती टिकतील. मग भाषांतर देशी होईल, पण मोडणार नाही. ‘थर’ या निरुपद्रवी शब्दाचेही तसेच. गोव्याकडील वाचकाला थरांचा गोड पदार्थ म्हटला की बेबिंका आठवेल. तिच्यात भाजलेल्या थरावर पुढचा थर ओतून वरून आच देत जातात, तर ॲनच्या केकचे थर वेगळे भाजून मागाहून जोडलेले आहेत. शब्द एक, कृती दोन. याउलट लुइझा मे ऑल्कॉट यांच्या ज्या कादंबरीशी मराठी वाचकांचा परिचय शान्ता शेळके यांच्या ‘चौघीजणी’मुळे झाला, तीत जो पाहुण्यांपुढे स्ट्रॉबेरी ठेवते, त्यांवर साखरेऐवजी मीठ पडलेले असते. हा प्रसंग कोणत्याही भाषेत जसाच्या तसा जातो, कारण मीठ आणि साखर प्रत्येक स्वयंपाकघरात शेजारी नांदतात. तात्पर्य, पदार्थ परका की आपला हा प्रश्न दुय्यम आहे. तो कथेत कोणते काम करतो, हे आधी ठरविले पाहिजे.

भाषांतरकार आणि केक करणारी व्यक्ती येथे एकाच ठिकाणी येऊन ठेपतात. दोघांनाही बदल अटळ आहे. दोघांनाही काय बदलल्यास कथा मोडेल, हे ओळखावे लागते. पदव्युत्तर वर्गात भाषांतराचा विचार करताना शब्दकोशाच्या आधी हा प्रश्न विचारणे उपयुक्त ठरेल : या वाक्यातली वस्तू काढून घेतली तर पुढचे कोणते वाक्य लिहिता येणार नाही?

७

या उद्योगाविरुद्ध एक आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे. अलौकिक अनुभव लौकिकात ओढणे म्हणजे कलेचा अवमान होय, मुलाने कल्पनेने चाखलेली चव साखर-मैद्यात उतरविली की ती कायमची गमावते, असे कोणी म्हणेल. लौकिक-अलौकिकाच्या वादात मराठी समीक्षेने पुष्कळ शक्ती वेचली आहे, आणि या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. बाजारात तयार मिळणारी, पुस्तकाच्या नावाने विकली जाणारी मिठाई हा अपमान करतेच, कारण ती वाक्याची जागा घेऊ पाहते आणि परत वाक्याकडे पाठवीत नाही.

परंतु स्वतः करून पाहणाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. त्याला अपयश येते, आणि कोठे आले ते कळते. मनुका मांडताना अक्षर म्हणजे काय ते कळते. व्हॅनिला मोजताना चूक मोजता येत नाही हे कळते. साचा निवडताना माप हाच अर्थ होता हे कळते. चांगल्या टीकेचे काम तरी याहून वेगळे काय असते? टीका कृतीची जागा घेत नाही. ती तिच्यापुढे उणी पडते, आणि आपल्या उणेपणाच्या कडेने मूळ कृतीची आकृती स्पष्ट करते. म्हणून अशा पदार्थाची परीक्षा त्याच्या चवीवरून किंवा चित्राशी असलेल्या साम्यावरून करू नये. तो खाल्ल्यावर वाचक पुस्तकातल्या त्या पानाकडे परत गेला का, आणि गेला तर त्याला तेथे पूर्वी न दिसलेले काही दिसले का, एवढाच निकष पुरेसा आहे.

बोलाच्या कढीभाताची म्हण त्यामुळे खोटी ठरत नाही, पण तिच्यात थोडी भर घालावी लागते. बोलाच्या कढीने पोट भरत नाही हे खरेच. मात्र प्रत्यक्ष कढी करून पाहिल्यावर कधी कधी असे ध्यानात येते की बालपणी जी भूक भागली होती, ती पोटाची नव्हती.